शिळ्या भातापासून रुचकर जेवण : छत्तीसगडची बासी, अंगाकर, फरा आणि त्यांमागील शास्त्र

तपकिरी तुडतुडे, पिवळा खोडकिडा आणि गादमाशी यांच्यापासून धान वाचविण्यासाठी शेतकरी हंगामभर निरीक्षणे, प्रकाशसापळे व फवारण्या यांवर श्रम आणि पैसा खर्च करतो. कीटकशास्त्रज्ञांचे लक्ष बांधापर्यंत, फार तर कोठारापर्यंत असते. कोठारातून बाहेर पडून शिजलेला आणि पातेल्यात उरलेला तांदूळ मात्र कोणाच्याच अभ्यासाचा विषय ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यांपैकी सुमारे ६० टक्के घरगुती पातळीवरचे होते. भारतीय घरांसाठी याच अहवालातील अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. एक किलो तांदूळ पिकण्यास पाऊस व सिंचन मिळून सरासरी सुमारे २,५०० लिटर पाणी लागते हे ध्यानात घेतले, म्हणजे उकिरड्यावर टाकलेल्या वाटीभर भाताबरोबर काय काय गेले याचा हिशेब लागतो. खोडकिड्याने पाच टक्के ओंब्या पांढऱ्या केल्या तर आपण तालुकाभर सल्लापत्रक काढतो. तेवढाच भात स्वयंपाकघरात गेला तर कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्यामुळे काहीसा वेगळा आहे. उरलेला, बेचव झालेला भात व पोळी यांपासून घरच्या घरी रुचकर पदार्थ कसे करावेत, ते करताना कोणता धोका संभवतो आणि माश्या, झुरळे व साठवणीतील किडी यांचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार येथे केला आहे. महिला बचत गटांच्या बैठका व गृहविज्ञान प्रशिक्षणे घेणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना तो उपयोगी पडावा.

कुरुद : बासीला मान देणारा प्रदेश

येथे उल्लेखिलेले कुरुद म्हणजे भिलाई शहराला लागून असलेले दुर्ग जिल्ह्यातील कुरुद. धमतरी जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव निराळे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला व १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीतून लोखंड बाहेर पडले. त्यानंतर परिसरातील धानशेती करणारी गावे हळूहळू शहराच्या कवेत आली. शेतमजूर, कारखान्यातील कामगार आणि लहान खातेदार एकाच गल्लीत राहू लागले. गोंदिया, भंडारा व नागपूर या भागांतून आलेली मराठी कुटुंबेही भिलाई परिसरात पिढ्यान्पिढ्या आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते व आजही हावडा-मुंबई लोहमार्ग दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया यांना जोडून जातो. त्यामुळे या गल्ल्यांत एका घरी फोडणीचा भात आणि शेजारच्या घरी बासी असा प्रकार सर्रास आढळतो.

येथे भाषेचा एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. मराठीत ‘शिळे’ या शब्दाला कमीपणा चिकटलेला आहे. पाहुण्याला शिळे वाढले असे कोणी म्हटले तर तो आरोप होतो. ‘शिळ्या कढीला ऊत’ हा वाक्प्रचारही कौतुकाने वापरला जात नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे, तो संस्कारही आपल्या मनावर आहेच. छत्तीसगडीत मात्र ‘बासी’ हे एका पदार्थाचे नाव आहे. रात्रीचा भात सकाळी बासी म्हणून खाल्ला जातो, तेव्हा तो उरलेला म्हणून नव्हे, तर मुद्दाम जास्त शिजवून ठेवलेला असतो. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, श्रमिकांच्या सन्मानार्थ बोरे-बासी खाण्याचे आवाहन तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केले आणि अधिकाऱ्यांपासून मजुरांपर्यंत अनेकांनी त्या दिवशी बासीची थाळी पुढे घेतली. त्यामागचे राजकारण बाजूला ठेवले तरी लाज वाटणारे अन्न ताठ मानेने खाल्ले गेले, ही गोष्ट विस्तारकार्याच्या दृष्टीने लहान नव्हे.

भात बेचव का होतो

तांदळातील पिष्ट अमायलोज व अमायलोपेक्टिन या दोन घटकांचे बनलेले असते. शिजताना पिष्टकण पाणी शोषून फुगतात आणि भात मऊ होतो. थंड होऊ लागल्यावर हेच रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट रचना करतात, त्यातले पाणी बाजूला सरते आणि शीत टणक, कोरडे लागते. अमायलोजच्या बाबतीत ही क्रिया काही तासांतच घडते, अमायलोपेक्टिनच्या बाबतीत काही दिवस चालते. म्हणून अमायलोजचे प्रमाण अधिक असलेल्या ‘स्वर्णा’सारख्या वाणाचा भात सकाळी कडक होतो, तर चिकट तांदळाचा भात मऊ राहतो. ही घट्ट होण्याची क्रिया गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानात, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानात, सर्वांत जलद होते. फ्रिजमधील भात किंवा पोळी बाहेर ठेवलेलीपेक्षा अधिक वाळल्यासारखी लागते ती यामुळे. पाण्याचा हबका मारून झाकणाखाली वाफ दिल्यास अमायलोपेक्टिनची रचना बरीचशी सैल होते व मऊपणा परततो. अमायलोजची मात्र साध्या वाफेने सुटत नाही. भात कोरडाच तव्यावर टाकल्यास तो अधिकच दगडासारखा होतो, हा अनुभव सर्वांना आहे.

चवीचे कारण निराळे आहे. ताज्या भाताची गोडी मुख्यतः त्याच्या वासात असते. दुबराजसारख्या सुवासिक वाणात तर ती संपूर्ण वासातच असते. ‘नगरी दुबराज’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्याच सुगंधामुळे. हे सुगंधी घटक उडून जाणारे असल्याने रात्रभरात निघून जातात. थंड पदार्थाची चव जिभेला मुळातच कमी जाणवते. म्हणून शिळ्या भातात केवळ मीठ-तिखट वाढवून भागत नाही. गेलेला सुगंध फोडणीतून परत आणावा लागतो, कारण मोहरी, जिरे, हिंग व कढीपत्ता यांचे वास तेलात उतरतात आणि तेलाबरोबर प्रत्येक शिताला लागतात. लिंबू, ताक, आमचूर किंवा टोमॅटो यांचा आंबटपणा चव उठावदार करतो. शेंगदाणे, कांदा किंवा खरपूस भाजलेला थर यांनी दातांना काम मिळते. कोणत्याही उरलेल्या पदार्थाला चव आणावयाची असेल तर वास, आंबटपणा व कुरकुरीतपणा यांतील काय नाहीसे झाले आहे हे पाहावे. बहुधा तिन्ही गेलेले असतात.

थंड झालेल्या भाताचा एक लाभही आहे. घट्ट झालेल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही व तंतूसारखे कार्य करतो. इंडोनेशियातील २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या भातात असे पिष्ट १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम, तर २४ तास ४ अंश सेल्सिअसला ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम आढळले. वाढ लक्षणीय असली तरी मात्रा लहानच आहे. तेव्हा शिळा भात मधुमेहावरील उपाय म्हणून सांगत फिरणे योग्य नव्हे.

बोरे आणि बासी

या दोन शब्दांत फरक आहे. त्याच दिवशी शिजवून, निववून पाण्यात घातलेला भात म्हणजे बोरे. रात्रभर पाण्यात मुरलेला तो बासी. पद्धत साधी दिसते, परंतु तिच्यातील प्रत्येक टप्प्याला कारण आहे.

रात्रीचा भात थोडा मोकळा शिजवावा. तो परातीत पसरून निववावा. गरम भातावर पाणी ओतून झाकू नये. निवल्यावर मातीच्या स्वच्छ भांड्यात घालून भाताच्या वर दोन ते तीन बोटे पाणी राहील एवढे पाणी घालावे. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरून उडते, त्यामुळे आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काहीसे कमी राहते. पाण्याखालच्या शितांना हवा कमी मिळते आणि तेथे दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात. सकाळपर्यंत पाण्याला किंचित आंबट वास येतो. मीठ, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, दही किंवा ताक आणि सोबत टोमॅटोची चटणी अथवा लाल भाजी, असे हे जेवण होते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी हे खाऊन कामावर निघालेल्या माणसाच्या पोटात अन्नाबरोबर पाणी व मीठही जाते.

समाजमाध्यमांवर अशा आंबवलेल्या भातातील लोह ३.४ मिलिग्रॅमवरून ७३.९१ मिलिग्रॅम होते असा आकडा वर्षानुवर्षे फिरत आहे. कार्यकर्त्यांनी तो व्याख्यानात वापरू नये. लोह हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते निर्माण करू शकत नाहीत. लोखंडी भांड्यातून किंवा पाण्यातून ते आले नसेल तर एकूण लोह तेवढेच राहते. आंबवण्यामुळे फायटिक आम्ल काही प्रमाणात विघटित होऊन असलेले लोह शरीरास अधिक उपलब्ध होऊ शकते, एवढेच विधान शास्त्राला धरून आहे आणि तेही बासीची थोरवी सांगण्यास पुरेसे आहे.

बासीचे पाणी शिजवले जात नाही, ही बाब सर्वांत महत्त्वाची. भात कितीही काळजीपूर्वक रांधला तरी त्यावर ओतलेले पाणी दूषित असेल तर सर्व कष्ट व्यर्थ. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी जुलाब आणि काविळीच्या साथी पसरतात, त्या काळात पाणी उकळून निववलेलेच वापरावे. आमची आणखी एक शिफारस अशी की, पाण्यात चमचाभर ताजे ताक किंवा आदल्या दिवशीच्या चांगल्या बासीचे दोन चमचे पाणी घालावे. विरजण लावल्याप्रमाणे आंबटपणा लवकर येतो व नको असलेल्या जिवाणूंना वाढण्यास अवधी कमी मिळतो. सकाळी पाण्याला तार आली असेल, वरती रंगीत बुरशी दिसत असेल किंवा आंबट वासाऐवजी कुजका वास येत असेल तर ती बासी खाऊ नये. तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया व दुर्बल वृद्ध यांना बासीऐवजी ताजी पेज द्यावी. बासी परंपरेने खाल्ली जाते म्हणून ती आपोआप निर्धोक ठरत नाही.

उरलेल्या भातातील धोका

भाताच्या विषबाधेला बहुतेक वेळा ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा जिवाणू कारणीभूत असतो. तो मातीत असतो, तेथून धानावर येतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात ओला, उबदार व पौष्टिक असल्याने बीजाणू रुजतात व जिवाणू वाढू लागतात. त्यांचा एक प्रकार वांती घडविणारे विष तयार करतो आणि हे विष इतके चिवट आहे की १२१ अंशांवर दीड तास तापवूनही नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी परतलेल्या भातातून झालेल्या विषबाधांच्या मालिकेमुळे हा प्रकार प्रथम स्पष्ट झाला. त्या उपाहारगृहांत उकडलेला भात बाहेर ठेवून मागणीप्रमाणे परतून देत असत.

याचा धडा मला स्वतःच्या चुकीने मिळाला. काही वर्षांपूर्वी मी संयोजक असलेल्या एका प्रशिक्षण वर्गात सकाळी अकराला शिजलेला भात मोठ्या डेगेत झाकून राहिला. एप्रिलचा महिना होता. दुपारचे जेवण उरकून बराच भात उरला. अन्न वाया जाऊ नये असे मीच सुचवले व साडेचारला त्याचा उत्तम फोडणीचा भात झाला. चव, वास, रंग यांत काहीही दोष नव्हता. मी दोनदा घेतला. संध्याकाळी सात-साडेसातपासून आठ-दहा जणांना उलट्या सुरू झाल्या, त्यांत मीही होतो. सर्वजण दुसऱ्या दिवशी बरे झाले, परंतु त्यांतील एक शेतकरी काका पुढे कित्येक महिने माझ्या प्रशिक्षणाला घरून डबा घेऊन येत. भात कडकडीत गरम करून दिला होता, हे माझे समर्थन शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी होते, कारण विष गरम करण्यापूर्वीच तयार झाले होते.

तेव्हापासून मी पुढील पद्धत सांगतो. जेवणे होताच उरलेला भात परातीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर करून पसरावा. मोठ्या डेगेच्या मध्यभागी असलेला भात पाच-सहा तास कोमट राहतो व धोका तेथेच असतो. तासाभरात निववून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ५ अंशांखाली ठेवावा आणि २४ तासांत संपवावा. वापरताना वाफा निघेपर्यंत एकदाच गरम करावा. दुसऱ्यांदा गरम करण्यासाठी ठेवू नये. फ्रिज नसेल तर रात्रीचा भात निववून पाण्यात घालणे हा मार्ग तसाच कोरडा झाकून ठेवण्यापेक्षा बरा, कारण थंड पाण्याने तो लवकर निवतो व पुढे आंबटपणाने जिवाणूंची वाढ रोखली जाते. लग्नकार्यात किंवा सामूहिक भोजनात डेगेत सहा तास राहिलेल्या भाताचा कोणताही नवा पदार्थ करू नये. तो वाया जाऊ द्यावा, म्हणजे पुढल्या वेळी अंदाज बरोबर येतो.

भातापासून तीन-चार पदार्थ

फोडणीच्या भाताविषयी मराठी वाचकाला सांगण्यासारखे थोडेच आहे. मात्र हा पदार्थ ताज्या भाताचा नीट होत नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ताजी शिते ओली व चिकट असल्याने त्यांचा गोळा होतो. थंड होऊन घट्ट झालेली शिते सुटी राहतात व तेल प्रत्येकीला लागते. म्हणजे येथे शिळेपणा हा दोष नसून आवश्यक गुण आहे. भात हाताने आधी मोकळा करावा, फोडणीत कांदा व शेंगदाणे पूर्ण परतून झाल्यावरच घालावा, पाण्याचा हबका देऊन दोन मिनिटे झाकावा व नंतर झाकण काढून मोठ्या आचेवर परतावा. लिंबू आच बंद केल्यावर पिळावे.

अंगाकर ही छत्तीसगडची जाड रोटी. तिच्यात उरलेला भात अगदी सहज खपतो. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला एक वाटी शिळा भात हाताने पूर्ण कुस्करून घ्यावा. मीठ घालून कोमट पाण्याने घट्टसर मळावे. भातामुळे पीठ बांधले जाते. नुसत्या तांदळाच्या पिठाची एवढी जाड रोटी भेगाळते. पळसाच्या दोन पानांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर जाडीची थापून निखाऱ्यांवर भाजतात. गॅसवर करावयाची असल्यास जाड तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर प्रत्येक बाजू बारा ते पंधरा मिनिटे भाजावी. बाहेरचा थर तांबूस व खरपूस, आतून मऊ अशी ती उतरते. पळसाच्या पानाचा धुरकट वास हा तिचा खरा मसाला आहे. केळीच्या पानावरही चालते, पण तो वास येत नाही. सोबत भाजलेल्या टोमॅटोची, हिरवी मिरची व लसूण घालून वाटलेली चटणी द्यावी. बस्तरमधली लाल मुंग्यांची चापडा चटणीही हिच्याबरोबर शोभून दिसेल. झाडावर पाने विणून घरटे करणारी ‘इकोफायला स्मॅराग्डिना’ ही ती मुंगी. फॉर्मिक आम्लामुळे तिची चटणी आंबट लागते. ओडिशातील सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कीटकशास्त्रज्ञाला हा विषयांतराचा मोह क्षम्य मानावा.

फरा करण्यासाठी कुस्करलेला भात व तांदळाचे पीठ समभाग घेऊन मीठ घालून मळतात, बोटाएवढ्या वळकट्या वळतात आणि बारा ते पंधरा मिनिटे वाफवतात. थंड झाल्यावर मोहरी, तीळ, कढीपत्ता व हिरव्या मिरचीच्या फोडणीत परततात. आपल्या मुटक्यांशी याचे नाते उघड आहे. पिठात मेथी किंवा लाल भाजी बारीक चिरून घातली की मुलांच्या डब्यासाठी चांगला पदार्थ होतो. वाफवल्यावर लगेच फोडणीत टाकू नये, तुटतात.

पोळ्यांचे पुनरुज्जीवन मराठी घरांत पूर्वापार होते. कुस्करून ताकाचा हबका मारलेली फोडणीची पोळी, गूळ-तुपाचा लाडू, ताकात किंवा दुधात मोडलेली भाकरी हे सर्वांना ठाऊक आहे. कोरडी उरलेली भाजी थालीपिठाच्या भाजणीत आणि घट्ट वरण कणकेत घालून मळावे. त्या कणकेला पाणी लागत नाही आणि पराठे मऊ राहतात. नारळ, दूध किंवा मासे घातलेल्या रश्श्याचे मात्र प्रयोग करू नयेत.

माशी, झुरळ आणि झाकण

आता माझ्या विषयाकडे येतो. घरमाशीला, म्हणजे ‘मस्का डोमेस्टिका’ला, घन अन्न खाता येत नाही. ती त्यावर लाळ व पोटातील द्रव ओकते, ते विरघळले की शोषून घेते. अन्नावर बसण्यापूर्वी ती बहुधा शेणावर, उकिरड्यावर किंवा उघड्या विष्ठेवर बसून आलेली असते. तिच्या पायांवरील केसांतून व पोटातून रोगजंतू अन्नात उतरतात. उरलेले अन्न हे ताज्या अन्नापेक्षा अधिक वेळ उघडे राहते, म्हणून ते तिचे आवडते ठिकाण. पातेल्यावर मलमलचे फडके टाकणे पुरेसे नाही, कारण फडके भाताला टेकले तर माशीचा द्रव त्यातून आत जातो. घट्ट झाकण किंवा अन्नापासून उंच राहणारी जाळी वापरावी.

उन्हाळ्या-पावसाळ्यात माशीचे अंडे ते प्रौढ हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरे होते. म्हणून गोठ्यातील शेण व उकिरडा आठवड्याच्या आत हलवला, खड्ड्यात घालून मातीने झाकला किंवा खतासाठी वापरला तर पिढी पुरी होत नाही. गोठा आणि चूल यांत आठ-दहा पावलांचे अंतर असलेल्या घरात फवारा मारण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक ठरते. स्वयंपाकघरात, विशेषतः अन्न ठेवण्याच्या फडताळात, कीटकनाशकाचा फवारा मारू नये व झुरळांचा विषारी खडू ओढू नये. त्याची भुकटी भांड्यांत जाते आणि मुले तो लिहिण्याचा खडू समजतात. जर्मन झुरळांसाठी सिंकखालच्या फटी बुजवणे, रात्री खरकटे न ठेवणे आणि आमिषाचे जेलचे ठिपके मुलांच्या हाताबाहेरील सांधीत लावणे हा क्रम ठेवावा.

वाळवून ठेवलेला भात

उन्हाळ्यात उरलेल्या भाताचे सांडगे घालण्याची चांगली पद्धत आहे. भात मीठ, जिरे, तिखट घालून कुस्करावा, लहान सांडगे घालून कडक उन्हात तीन ते चार दिवस वाळवावेत. यासाठी भात त्याच दिवशीचा हवा; आंबूस झालेला घेऊ नये. सांडगा मधोमध मोडून पाहिल्यास टचकन तुटला पाहिजे, वाकता कामा नये. पहिल्या दिवशी ओलसर सांडग्यांवर माश्या बसतात, म्हणून त्यावर पातळ जाळी ताणून बांधावी.

साठवणीत या पदार्थाला तांदळातला टोका, म्हणजे सोंडेकिडा, फारसा लागत नाही. त्याला अंडी घालण्यास अखंड दाणा हवा असतो. लागतो तो पिठातील तांबडा भुंगेरा, ‘ट्रायबोलियम कॅस्टेनियम’. त्याला तुकडे, भुकटी व पीठच आवडते. डब्याच्या तळाशी सांडग्यांचा भुगा साचलेला असतो, तेथे तो आधी दिसतो. म्हणून भरताना चाळून भुगा वेगळा काढावा, तोच त्या आठवड्यात भाजीत वापरून टाकावा. तिखट व जिरे यांतून सिगारेट भुंगेरा येण्याची शक्यता असते, तेव्हा जुने मसाले वापरण्यापूर्वी पाहून घ्यावेत. काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा. पातळ प्लास्टिकची पिशवी काही किडी कुरतडून आत जातात. पावसाळ्यापूर्वी एकदा काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरून भर उन्हात चार-पाच तास ठेवावे व पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत भरावे, नाही तर आत दव धरते. थराचे तापमान ६० अंशांपर्यंत गेल्यास किडीच्या सर्व अवस्था मरतात. बरणीत धान्यासाठीच्या विषारी गोळ्या किंवा भुकटी कदापि ठेवू नये. कडुनिंबाची वाळलेली पाने घालण्याची प्रथा आहे; ती हानिकारक नसली तरी कोरडेपणा व घट्ट झाकण यांना पर्याय नव्हे.

इतके करूनही काही अन्न खाण्यायोग्य राहत नाही, डेगेतला भात त्यांतलाच. तो नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकू नये. ‘हर्मेशिया इल्युसेन्स’ ही काळी सैनिक माशी अशा अन्नावर उत्तम वाढते. तिच्या अळ्या दोन-तीन आठवड्यांत ते संपवितात आणि वाढलेल्या अळ्या कोंबड्यांना किंवा माशांना खाद्य म्हणून देता येतात. ही माशी प्रौढावस्थेत अन्नावर घोंगावत नाही, म्हणून घरमाशीसारखा तिचा उपद्रव नाही. झाकणाला जाळी व तळाला पाणी निथळण्याची सोय असलेली जुनी बादली, तळाशी भुसा व त्यावर दररोज पातळ थरात खरकटे, एवढी व्यवस्था परसात पुरते. भात फार ओला असल्यास भुशाचे प्रमाण वाढवावे. पाणी साचले की अळ्या बादलीच्या कडेने वर चढून बाहेर पडू लागतात आणि सकाळी घरात ओरडा होतो.